पळी टाकायची वेळ

सकाळी दूध घालायला आलेली पारू उंबऱ्यातूनच म्हणाली, "काकी, नदी निवळली बघा. काठाला हुबं राह्यलं की तळाची वाळू दिसतीया." किती आनंदानं सांगितलं तिनं! तिचंही बरोबर आहे. आषाढापासून तांबड्या पाण्यानं सगळ्यांना वैताग आणलेला असतो. धुणं विहिरीवर, गुरांना पाणी विहिरीवर, घाटाच्या पायऱ्यांवर घोट्याएवढा गाळ. नदी निवळली म्हणजे गाव सुटलं. मी मात्र हातातली चरवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले.

"काय झालं ओ काकी? चक्कर आली व्हय?"

"न्हाई गं बाई. आश्विन आला, दुसरं काय."

ती हसत पुढच्या घरी गेली. म्हातारी काहीतरीच बोलते असं तिला वाटलं असणार. वाटू दे.

लोकांना पुराची भीती वाटते. मला पुराचं फारसं काही वाटत नाही. पूर ओरडत येतो, गुरं सोडायला, दाणे माळ्यावर चढवायला वेळ देतो. शिवाय गढूळ पाण्यात काही दिसत नाही, हे फार बरं असतं. निवळलेल्या पाण्यात सगळं दिसतं, आणि एकदा दिसलं की गप्प बसता येत नाही. काहीतरी करावं लागतं. मी जन्माची भित्री बाई. अंधाराला भिते, कुत्र्याला भिते, वीज कडाडली की अजून परातीखाली डोकं घालावंसं वाटतं. पण आश्विनातल्या स्वच्छ, हिरव्या, शांत पाण्याची जी भीती आहे ती या सगळ्यांच्या वरची.

मुळात मी पाण्याच्या गावची नव्हेच. माझं माहेर आटपाडीकडचं. तिकडं पाणी घागरीनं मोजायचं. तोंड धुतलेलं पाणी दोडक्याच्या वेलाला घालायचं. ओढ्याला पाणी आलं म्हणून आम्ही पोरी बघायला धावायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्यात शेरडं चरायची. लग्न करून मला वाळव्याकडच्या या गावात आणलं तेव्हा गाडी नदीकाठानं आली. मी पदराआडून खाली बघितलं आणि शेजारच्या नणंदेचं मनगट असं धरलं की तिच्या बांगड्या पिचल्या. "एवढं पाणी कुणाचं?" असं मी तिला विचारलं म्हणे. झालं! पुढं कितीतरी वर्षं सासरची माणसं हे वाक्य पाहुण्यारावळ्यांना सांगून हसायची. कृष्णामाईचं पाणी कुणाचं म्हणून इचारती ही आटपाडीची!

लग्नानंतर महिन्याभरात हे पलटणीत परत गेले. लढाई जोरात होती. इथं लिहितानाही मी 'हे'च म्हणते, ती जिभेची सवय आहे, जात नाही. मी सासरी राहिले ती आत्याबाईंच्या हाताखाली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उंच, काळ्यासावळ्या, हाडापेरानं मजबूत. उसाच्या फडात गड्यांच्या बरोबरीनं राबणाऱ्या. त्यांचा रागही तसाच, एकदम धगधगणारा आणि लगेच विझणारा. एका बाबतीत मात्र तो विझत नसे. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांच्या मनात खिळ्यासारखं बसलं होतं. तशी सगळ्याच बायका नावं टाळायच्या. पण आत्याबाईंचं टाळणं काही औरच. सासऱ्यांचं नाव महादेव. म्हणून गावातल्या महादेवाच्या देवळाला आत्याबाई 'पिंडीचं देऊळ' म्हणायच्या आणि महाशिवरात्रीला 'मोटी शिवरात'. सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, हे अगदी लहान असताना. तरी पिंडीचं देऊळ ते पिंडीचं देऊळच. मला हसू यायचं. मेलेल्या माणसाचं आयुष्य आता आणखी काय कमी होणार?

सासरे कसे गेले हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. "पुरात ग्येलं," एवढंच. आत्याबाई नदीवर पाऊल टाकत नसत, एवढं मात्र मी आल्या आल्या पाहिलं. आंघोळ विहिरीच्या पाण्यानं. श्रावणात सगळ्या बायका नदीची ओटी भरायला जायच्या, तेव्हा त्या आपलं खण-नारळ माझ्या हाती द्यायच्या. "तूच घाल जा. माझा तिचा अबोला हाय," म्हणायच्या. नदीशी अबोला! मी ओटी घालायची ती हात लांब करून, पायाची बोटंसुद्धा भिजू न देता.

त्या वर्षांतली भीती आठवली की तारवाला आठवतो. खाकी टोपी गल्लीच्या तोंडाशी दिसली की घराघरातली जाती थांबायची. ज्यांच्या घरचं कुणी पलटणीत नाही अशी घरं आमच्याकडं थोडी. टोपी पुढं सरकली की मागचं जातं पुन्हा सुरू व्हायचं, आणि आपलं थांबलेलं असायचं. आमच्या दाराशी ती कधी थांबली नाही. पण टोपी दिसेनाशी झाली तरी माझं जातं फिरायचं नाही, मग आत्याबाई पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "ग्येला गं, ग्येला, दळ आता."

आणि मग लढाई संपली आणि पुढच्या साली, दसऱ्याच्या थोडं आधी, हे आले. मी सोप्यात शेंगा निवडत होते. दारात एक वाळकासा, उन्हानं रापलेला माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी द्या जरा." परका माणूस बघून मी पदर ओढून आत पळाले. आत्याबाईंनी बाहेर येऊन हंबरडा फोडला तेव्हा मला कळलं कोण आलं आहे. नवरा ओळखू आला नाही! मला लाजेपेक्षा भीतीच जास्त वाटली. या माणसाबरोबर आता जन्म काढायचा, आणि मला याचा चेहराही पाठ नाही.

हे फार बोलत नसत. डाव्या कानाजवळ तोफेचा गोळा फुटला होता, त्या कानाला काही ऐकू येत नव्हतं. लढाईचं कुणी विचारलं की उठून गोठ्यात जात आणि म्हशीच्या अंगावरून हात फिरवत बसत. चारच दिवस झाले असतील, आत्याबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आगं, माझी तेलाची पळी कुटं हाय?" सगळं घर धुंडाळलं. शेवटी परड्यात पळीची नुसती दांडी सापडली. पळीचा वाटीसारखा भाग यांनी कापून, ठोकून, घासून घासून आरशासारखा केला होता. एका टोकाला भोक पाडून दोरी, दुसऱ्या टोकाला गळाचा आकडा.

"आये, पळीच हाय की ही. फकस्त दांडी न्हाई," हे म्हणाले.

"मुडद्या, माझ्या आहेराची पळी ती!" पण आत्याबाई हसत होत्या. पोरगं घरी आल्यावर पहिल्यांदाच काहीतरी खोडी करत होतं, म्हणून पळीवर पाणी सोडलं त्यांनी.

झालं होतं असं. परमुलखात यांची तुकडी काही दिवस समुद्राकाठी विसाव्याला होती. तिथं एका म्हाताऱ्या कोळ्यानं यांना वाळूवर उभं राहून गळ फेकायला शिकवलं. आमच्याकडं भोई जाळं टाकतात. हौशी माणसं गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा लावून तासन् तास झाडाखाली बसतात. या गळाला खाणं लावायचंच नव्हतं. नुसता चकचकीत धातूचा तुकडा. तो लांब भिरकावायचा आणि ओढत आणायचा. पाण्यातून येताना तो जखमी माशासारखा लचकतो आणि मोठा मासा फसतो. गावात हसून हसून मुरकुंडी. "पळीला मासा लागतुया म्हनं! उद्या उलथनं टाका!" आणि मग एके दिवशी सकाळी हातभर लांबीची मरळ खांद्यावर टाकून हे वेशीतून आले, तेव्हा हसणारे गप्प झाले.

मला माशांचं काय वेड असणार? पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लढाईबद्दल विचारलं की हा माणूस मिटतो, पळीबद्दल विचारलं की उघडतो. म्हणून मी विचारत राहिले. तिन्हीसांजेला चुलीपुढं बसून राखेत बोटानं रेघा ओढत हे मला शिकवायचे. आमचा संसार खरं म्हणजे त्या राखेत सुरू झाला.

"ह्ये बग. मदली धार पळत असती, काठाचं पाणी थांबल्यालं असतं. दोन्ही एकमेकाला घासत्यात तितं पाण्यावर रेघ दिसती. पळी टाकायची ती रेघंच्या पल्याड. धारंबरं वाहत रेघंवर आली की मग वढायची, हळूहळू. मोटा मासा थांबल्या पाण्यात बसतो आन् पळत्या पाण्यातलं खातो. त्याला कष्ट नगं असत्यात."

"म्हंजे आयतोबा की."

"आयतोबाच! आन् बारकी मासळी पाण्यावर उडाय लागली की समजायचं, खालनं कोनतरी मागं लागलंया. तितं टाकायची."

"कवा टाकायची?"

"तांबडं फुटल्यापास्नं वाळूवर ऊन येईस्तवर. न्हाईतर सांजचं, गुरं घराकडं वळल्यावर. ऊन पाण्यात शिरलं की मासा खाली डोहात जातो. आन् गडूळ पाण्यात तर टाकूच ने, पळी चमकतच न्हाई. गुडघाभर पाण्यात हुबं राह्यचं. आपल्या पायाची नखं दिसली की पाणी झालं."

किती गोड वाटायचं ते ऐकायला! एक दिवस मी न राहवून म्हटलं, "मलाबी न्या की बघायला." बायकोनं नवऱ्याबरोबर पहाटे नदीवर जायचं म्हणजे गावाला बोलायला विषय. पण आत्याबाईच म्हणाल्या, "जा. बस काठाला. नजर ठेव त्याच्यावर." म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, चुलीकडं बघत राहिल्या.

नदी आमच्या गावाशी वळण घेते, आणि वळणाच्या आतल्या अंगाला पावसाळ्यानंतर पांढऱ्या वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. तिथं गार वाळूत मी पहिल्या दिवशी पाय ठेवला तेव्हा सगळं इतकं सुंदर होतं की भीती क्षणभर विसरले. पाण्यावर धुक्याचा पातळ थर. खंड्या पक्षी फांदीवर मान खाली घालून बसलेला. यांनी खाकी चड्डीवर पाण्यात शिरून पळी भिरकावली, ती रेघेच्या पलीकडं टुपकन पडली आणि मला एवढा आनंद झाला की मी टाळीच वाजवली.

मग पलीकडच्या काठावर मला एक लाकूड दिसलं. पुरात वाहून येतं तसं, अर्धं वाळूत, अर्धं पाण्यात. थोड्या वेळानं बघितलं तर लाकूड नव्हतं.

आमच्याकडं मगरीला सुसर म्हणतात. कृष्णेत सुसरी आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मागल्या उन्हाळ्यात पाण्यावर आलेलं शेरडू तिनं ओढून नेलं होतं. त्या दिवसापासून माझी झोप गेली. रात्रंदिवस मनात एकच चक्र. सुसरही काही खुळी नाही. बारकी मासळी उडते तिथं मोठा मासा येतो, आणि मोठा मासा येतो तिथं तीही येते. ती पळत्या धारेत कशाला दमेल? तीही थांबलेल्या पाण्यातच बसणार, रेघेच्या अलीकडं, तांबडं फुटल्यापासून ऊन येईपर्यंत. चुलीपुढं बसून हे मला जे जे शिकवत होते, ते ते सगळं तिला आईच्या पोटातून येत होतं. पळी टाकायची जागा तीच तिची जागा, पळी टाकायची वेळ तीच तिची वेळ.

मी एकदा तसं बोलून दाखवलं. हे हसले. "तिला मानसाचं काय पडलंय? तिला मासं बक्कळ हायत."

"आवं, पर तुमीच मासं कमरंला बांधून हुबं ऱ्हाता!"

ही त्यांची समुद्रावरची खोड. तिकडं पकडलेले मासे कल्ल्यातून दोरीत ओवायचे आणि दोरी कमरेला बांधून मासे मागं पाण्यातच सोडायचे, म्हणजे घरी जाईपर्यंत जिवंत राहतात. आमचे भोई मासे टोपल्यात घालून वाळूवर ठेवतात, ओल्या फडक्याखाली. हे मात्र लाटांचं शिकून आलेले. दोन मरळी कमरेला लोंबकळत, तडफडत, आणि हे रेघेकडं डोळे लावून उभे! मी टोपलं घेऊन जायला लागले. "ह्यात टाका," म्हणायची. "मरत्यात त्यात," हे म्हणायचे. मग मी म्हटलं, "निदान कमरंला कासरा तरी बांधा. मी काठाला धरून बसते."

"मी काय म्हस हाय?"

रोज पहाटे मी त्यांच्यामागं जायची. वाळूच्या उंचवट्यावर बसायची आणि पाण्यावरून डोळा काढायची नाही. लाकूड कधी पलीकडं दिसायचं, कधी दिसायचं नाही. दिसलं की जीव घाबरायचा, आणि दिसलं नाही की त्याहून घाबरायचा. चार वर्षं तारवाल्याला भ्यालेली मी. तोफांतून माणूस परत आला आणि आता घरापासून हाकेच्या अंतरावर, माझ्या डोळ्यांदेखत, दोन माशांपायी जाणार की काय, एवढं एकच मनात. देवाला मी काय काय बोलले असेन ते त्याचं त्यालाच माहीत.

आणि तो दिवस आला. उंचवट्याच्या खालच्या अंगाला, खडकाशी, बायका धुणं धूत होत्या. पलीकडं कुणी बैल पाण्यावर आणले होते. यांना मरळी लागल्या होत्या, कमरेच्या दोरीला लोंबत होत्या. वाळूवर ऊन आलं, म्हणजे वेळ संपली. नेहमीप्रमाणं हे निघणार, म्हणून मी टोपलं उचललं. तेवढ्यात पळी कशाततरी अडकली. यांनी इकडून ओढली, तिकडून ओढली. निघेना.

"ऱ्हाऊ द्या!" मी ओरडले.

"आयेची पळी हाय," असं म्हणत हे सोडवायला मांडीभर पाण्यात गेले.

ऊन पाण्यात शिरलं. उंचावरून मला तळ स्वच्छ दिसायला लागला. पांढरी वाळू. एक काळा गोटा. एक बुडालेली फांदी. फांदीच्या शेजारी दुसरी फांदी. आणि ती दुसरी फांदी हलत होती, धारेच्या उलट. डाव्या बाजूनं, यांच्या मेलेल्या कानाच्या बाजूनं, वाळूवर सावली पाडत, अगदी सावकाश.

"आवं!" मी ओरडले. "आवंऽऽ!"

धारेची खळखळ. हे खाली वाकून दोरी ओढत होते. खडकावरची एक बाई त्याच वेळी पलीकडच्या आपल्या धन्याला हाका मारत होती, "आवं, बैल मागं घ्या, पानी गडूळ व्हतंया!" तिची 'आवं', माझी 'आवं', नदीभर नुसती 'आवं' झाली. पलीकडचा बैलवाला मान वर करून माझ्याकडं बघायला लागला. ज्यानं बघायला पाहिजे तो बघेना.

नाव घ्यायला पाहिजे होतं. आता काय सांगू! हे वाचून तुम्ही हसाल. नाव माझ्या तोंडात सुटं कधी आलंच नव्हतं. लग्नात घेतलं, मंगळागौरीत घेतलं, ते उखाण्यात. उखाण्याच्या शेवटी, सजवून, लाजत, सगळ्यांनी आग्रह केल्यावर. समोर सुसर सरकत होती, आणि माझ्या मनात आलं काय? 'तांब्याच्या घागरीला पितळेचं झाकण...' खरंच सांगते! त्या वाटेनं गेल्याशिवाय मला ते नाव सापडेना. घागर, झाकण, आणि पाण्यातली ती फांदी आता यांच्यापासून एका काठीच्या अंतरावर. आत्याबाईंचा चेहराही आला डोळ्यांपुढं. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं. किती कमी होतं? एका वर्षानं? दहा वर्षांनी? घेतलं नाही तर आज संपतंय.

"ज्योतिराऽऽम!"

एवढा मोठा आवाज माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं. खडकावरच्या धोपटण्यांचा आवाज एकदम थांबला. पाण्यावरून ते नाव पलीकडच्या दरडीवर आपटलं आणि परत आलं.

हे वळले. आधी माझ्याकडं बघितलं, मग माझा हात दाखवत होता तिकडं. हातातली दोरी टाकली, कमरेची गाठ एका हिसक्यानं सोडली आणि मागच्या मागं उडी घेतली ती वाळूवर उताणे पडले. त्याच जागी पाणी उसळलं. पिवळसर पोट दिसलं, दातांची ओळ दिसली, मरळींची दोरी दिसली, आणि मग काहीच दिसलं नाही. लाटा काठाला येऊन लागल्या आणि पाणी पुन्हा निवळलं.

मी कशी खाली उतरले आठवत नाही. यांनी माझा हात धरला आणि त्यांचं सगळं अंग थरथरायला लागलं. लढाईवरून आलेला गडी! दातावर दात वाजत होते. मग एकदम रडायलाच लागले, पोटातून, मोठ्यानं. किती जुनं रडणं होतं ते, कुणास ठाऊक. मीही रडत होते. माझी भीती मात्र अजून संपली नव्हती. खडकावरच्या बायका धुणं सोडून बघत उभ्या होत्या, आणि त्यांनी नाव ऐकलं होतं.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. बातमीला काय पाय लागतात? आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. लेकाला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं, हातपाय, पाठ, बोटं. "जा, आत जाऊन पड," म्हणाल्या. हे आत गेले. मग माझ्याकडं वळल्या. मला त्या क्षणी सुसर बरी वाटली.

"नाव घेतलंस म्हनं."

मी मान खाली घातली.

"मोट्यानं?"

"व्हय आत्याबाई. चुकलं माझं. आवं म्हनून लय हाका मारल्या, पर..."

"आन् त्यो वळला?"

"वळले."

त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. उंबऱ्यावर बसू नये म्हणून आम्हाला ओरडणाऱ्या आत्याबाई. मग हाताची बोटं एकमेकांत गुंतवत म्हणाल्या, "मी न्हाई घेतलं."

मला काही कळेना.

"ह्याचा बा पुरात पोहत हुता. म्हस वाहून चालली हुती, तिच्या मागनं ग्येला हुता. म्हशीला धरून माघारी बी फिरला हुता की गं. आन् वरनं वंडका आला, ह्यो मोटा. मला दिसत हुता. त्याला दिसत न्हवता. मी वरडत हुते, आवं, आवं. काठाला आमी पाच-सात बाया हुतो, समद्यांचं धनी पाण्यात. समद्याच आवं म्हनून वरडत हुत्या. त्यानं कुनाकडं बघायचं?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "नाव तोंडात आलं हुतं माझ्या. हितं. हितपतूर आलं हुतं." त्यांनी गळ्याला हात लावला. "गिळलं मी. आयुष्य कमी हुईल म्हनून."

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. दुसरं काय करणार?

हे पुढं पुष्कळ जगले. नातवंडं मांडीवर खेळवली, आणि म्हातारे होऊन, घरात, खाटेवर गेले. तोवर मासे धरले ते टोपलं वाळूवर ठेवून. आणि नदीवर मी 'आवं' म्हटलं तर मुद्दाम ऐकू येत नसल्यासारखं करायचे. "नाव घेतल्याबिगर वळनार न्हाई मी," म्हणायचे, लुच्चे कुठले! मी घ्यायची. पण प्रत्येक वेळी जिवात चर्र व्हायचं. दरवर्षी आश्विन आला की मी मनातल्या मनात मोजत बसायची, त्या हाकेनं यांची किती वर्षं गेली असतील म्हणून. अजून मोजते. माणूस गेला तरी ती भीती गेली नाही. भित्र्या माणसाचं असंच असतं.

पण सांगायचं होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. उजाडता उजाडता आत्याबाईंनी मला हलवलं. "चल," म्हणाल्या. कुठं ते सांगितलं नाही. डोक्यावरून पदर घेऊन पुढं चालायला लागल्या, आणि गल्लीच्या टोकाला विहिरीकडं न वळता सरळ नदीच्या वाटेला लागल्या. इतक्या वर्षांत ती वाट त्यांनी तुडवली नव्हती. मी मागं धावत होते. "आवं आत्याबाई, सुसर हाय तितं!" त्या थांबल्या नाहीत.

वाळूवर कुणी नव्हतं. पाणी इतकं निवळलं होतं की काठापासून दूरवर तळ दिसत होता. आत्याबाई पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मग एक पाऊल आत टाकलं. आपल्या पायांकडं खाली बघितलं, नखं दिसतात का तसं. मी त्यांच्या लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझे डोळे रेघेवर होते.

त्यांनी श्वास घेतला आणि हाक मारली.

"म्हादबाऽऽ!"

फडात गड्यांना हाका मारणारा त्यांचा आवाज, त्याला आज पाण्यानं ओलं केलं होतं. "म्हादबाऽऽ, मागं बगा! मागं बगा ओ!"

हाक पलीकडच्या दरडीवर जाऊन परत आली. पाण्यावर काहीच हललं नाही. त्या ऐकत उभ्या राहिल्या, एखाद्याला वळायला जेवढा वेळ लागेल तेवढा. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं, तोंडावरून फिरवलं आणि माझ्या हातातून पदर सोडवून घेतला.

परत येताना गावात शिरल्यावर त्या थांबल्या, कपाळावरचे ओले केस मागं सारले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, तू हो फुडं, चूल पेटव. मी जरा म्हादेवाच्या देवळात जाऊन येते."